बायोडाटातली विनाशिका

"पाव्हणं, ह्यो काय अभद्रपणा!" मामा माझ्या बायोडाटाचा कागद नाचवत ओरडत होते. "नोकरी, विनाशिका! आमच्या पोरीचं वाटुळं करायला आलाव व्हय?"

मामा म्हणजे मुलीचे मामा. माकणीत त्यांच्या ओसरीवर आम्ही बापलेक मुलगी बघायला आलेलो. पोहे देताना ती एकदाच हसली होती आणि मी तेवढ्यात मनातल्या मनात लग्न करून मोकळाही झालो होतो. आता सगळं हातचं जायची वेळ.

चूक वडिलांची. मी नौदलात ज्या लढाऊ जहाजावर होतो, त्याला पेपरवाले 'क्षेपणास्त्रवाहू विनाशिका' म्हणतात. वडिलांना शब्द भारदस्त वाटला. ओळीत मावेना म्हणून टायपिंगवाल्यानं क्षेपणास्त्र उडवलं, विनाश तेवढा ठेवला.

"मामा, बोट आहे ती," मी म्हणालो. "नकाशा रशियाचा. पण आपण जशीच्या तशी नाही घेतली. मागची तोफ काढायला लावली, तिथं हेलिकॉप्टरला खोली बांधून घेतली."

"म्हंजी कापड त्यांचं, माप आपलं?"

"व्हय!"

मामा जरा निवळले. मला तेवढं पुरे. समोर धरणाचं पाणी दुपारच्या उन्हात दुधासारखं पसरलेलं. मी शब्दांनीच बोट त्यात सोडली. नाक माकणीला, शेपूट लोहाऱ्याला. इंजिन सुरू झालं की नळदुर्गच्या ढाब्यांवर चहा हिंदकळायचा. आत सगळ्या पाट्या रशियन, त्यामुळं आमचा आचारी झोपेत रशियन बरळायचा आणि उठल्यावर त्यालाच कळायचं नाही.

बोलता बोलता सगळी ओसरी पाण्याकडं बघायला लागली. पाण्यावरच्या वाफेतून राखाडी काहीतरी आवाज न करता वर येत होतं. पाठीवर चतुर बसावा तसं हेलिकॉप्टर. बगळे वाट देत बाजूला सरकले. मामांनी डोळ्यांवर हात धरला. थापा माझ्याच, पण मलाही ती दिसली. ती बोट आता सेवेतून गेली; तिथं मात्र अजून तरंगते.

"घरी किती दिवस असता?" दारातून मुलीनं विचारलं.

बोट विरघळली. सहा महिने, असं जिभेवर आलं होतं. वडील तर डोळ्यांनी आठ सुचवत होते. मी तिच्याकडं पाहिलं.

"वर्षातनं दोन महिने," मी खरं सांगून टाकलं.

तिनं रिकाम्या बशा उचलल्या.

"दोन म्हैने थापा ऐकून घेता येत्यात मला."