बारा ते पाच गिरणी बंद

मी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसले त्या वर्षी, धुळवडीपासून चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवसापर्यंत, येरमाळ्यात आमच्या घराशेजारची पिठाची गिरणी रोज दुपारी बारा ते पाच बंद होती. कारण मी होते.

पहिल्या वेळी गुण कमी पडले तेव्हा वडिलांनी, म्हणजे दादांनी, कारण विचारलं होतं. खरं कारण असं, की ऑरगॅनिक केमिस्ट्री मी उघडलीच नव्हती. मी सांगितलं, गिरणीचा आवाज. दादांनी ते मनात ठेवलं. दुसरी परीक्षा दोन महिन्यांवर आली तसे ते गिरणीवाल्या शिवलिंगअप्पांकडे गेले. अप्पांनी दोन मिनिटं विचार केला आणि पट्टा उतरवला. गल्लीतली पोरगी डॉक्टर होणार म्हटल्यावर पाच तासांचं काय, असं ते म्हणाले.

पहिल्या दुपारी मी सव्वाबाराला पुस्तक उघडलं. जाग आली तेव्हा चार वाजले होते.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी त्या गिरणीच्या भिंतीला लागून जन्मले, पाढे तिच्या ठोक्यावर पाठ केले. ती थांबली की माझं डोकंही थांबतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. (माहीत असतं तर दुसरं कारण सांगितलं असतं.)

पंधरा दिवसांनी सराव परीक्षेत चाळीस गुण घटले. दादांनी निष्कर्ष काढला, की आवाज अजून शिल्लक आहे. मग समोरच्या काकू कुकर घेऊन जावेच्या घरी डाळ शिजवायला जाऊ लागल्या. भाजीवाल्यानं आमच्या गल्लीत हाळी देणं सोडलं. तो दारात येऊन नुसता मेथीची जुडी दाखवायचा. शेजारच्या कोंबड्या शेतात गेल्या. इतकी शांत झोप मला पुढं कधी लागली नाही.

शेवटी मी आईला म्हणाले, दळण मी आणते. हायवेजवळ दुसरी गिरणी होती, अप्पांच्या चुलतभावाची, बाबूरावांची. बांधावरून या दोघांचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. मी डबा रांगेत ठेवायची, पोत्यावर बसायची आणि पुढचे दोन तास अणू-रेणू अगदी सरळ डोक्यात जायचे. घरी परतताना केस पांढरे. आई म्हणायची, "अभ्यासानं पिकले की काय गं?"

अडचण एकच होती. घरात दळायला काही उरेना. ज्वारी झाली, गहू झाले, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ झाली. आठवडाभर आम्ही तिन्ही त्रिकाळ धपाटे खाल्ले. आई आता माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघू लागली. हायवेजवळ कोण भेटतं, एवढं तिनं अजून विचारलं नव्हतं.

मग येडेश्वरीची यात्रा आली. घरोघरी पाहुणे, घरोघरी पुरण. सकाळी वीज नसायची आणि दुपारी गिरणी बंद. बायका अप्पांना दोष देत नव्हत्या. माझ्याकडं बघून मात्र "होऊ दे बाई एकदाची डॉक्टर" म्हणत होत्या.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी मी पोत्यावर बसले होते. दारात सावली पडली. डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन शिवलिंगअप्पा उभे होते. त्यांच्या घरी तीस पाहुणे उतरले होते, पीठ संपलं होतं, आणि दुपारी गिरणी लावायची नाही हा शब्द त्यांनी दिला होता. तो शब्द पाळायला ते भावबंदाच्या दारात आले होते.

बाबूरावांनी न बोलता डबा रांगेत घेतला. अप्पांची नजर माझ्यावर गेली.

"सुमे? तू हितं काय करतीस?"

"दळण आणलंय, अप्पा."

त्यांनी माझ्या डब्याचं झाकण काढलं. "ह्ये तर पीठ हाय."

मी झाकण त्यांच्या हातातून घेऊन परत लावलं.

"पीठ दळायला आणलंस व्हय?"

मग मी सगळं सांगितलं. आवाज लागतो हेही, ऑरगॅनिक केमिस्ट्रीही. अप्पा खाली पोत्यावर बसले. सहा वर्षांनी पहिलं वाक्य बाबूराव बोलले. "अप्पा, पोरीनं लई बारीक दळलं तुमाला."

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला अप्पांनी गिरणी लावली. पाच मिनिटांत गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. परीक्षा तोंडावर आली आन् लेकराचा अभ्यास मोडताय का, म्हणून त्यांनी अप्पांना धारेवर धरलं. अप्पांनी माझं नाव काढलं नाही. "पट्टा तपासतोय," एवढंच म्हणाले. परीक्षेपर्यंत रोज पाच तास ते पट्टा तपासत राहिले.

दादाही भांडायला निघाले होते. त्यांनी एक चप्पल घातली होती, तेव्हा मी म्हणाले, "दादा, गिरणीचा काही संबंध नव्हता. माझा अभ्यासच झाला नव्हता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग चप्पल काढून ठेवली आणि विचारलं, "आता होतोय का?"

"होतोय."

"मग बस."

परीक्षा धाराशिवला झाली. खोलीत एक पंखा चांगला खडखडत होता. मला त्याच्यापासून चौथ्या रांगेत जागा मिळाली. निकालात पहिल्यापेक्षा एकतीस गुण वाढले. प्रवेशाला याहून बरेच जास्त लागत होते. मी पुढं वर्तमानपत्रात लागले.

अप्पांनी मात्र एकतीस हा आकडा गावभर सांगितला. पुढच्या वर्षी त्यांच्या गिरणीत दुपारी तीन मुलं पुस्तकं घेऊन बसू लागली. त्यातली एक आज डॉक्टर आहे.