साडूंचं गाऱ्हाणं

परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण वर काढलं, तेव्हापासून आजवर या किनाऱ्यावर माझ्या साडूंइतका काळजी करणारा माणूस झालेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. ते त्या वेळी हजर असते तर कोकण वर आलंच नसतं. "हटवतास तां बरा म्हाराजानू, पण भरतीक परत इलो तर?" असं विचारून त्यांनी परशुरामाला धनुष्य खाली ठेवायला लावलं असतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आमच्या वाडीतल्या शाळेचे मुख्याध्यापक आहेत. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, मी म्हणतो आणि माझी मेहुणीही म्हणते. भर वैशाखात त्यांच्या काखेत छत्री असते. "कसे काय, बरे ना?" असं वाटेत कुणी सहज विचारलं की ते जागीच थांबतात आणि उतरलेल्या चेहऱ्याने म्हणतात, "कित्याक? काय कानार इला तुझ्या?" एकदा कट्टा गावात नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. अक्षता पडायच्या वेळी त्यांना घरचा गॅस बंद केला की नाही हे आठवेना. त्यांनी माझ्या धाकट्या भावाला गावात फोन केला, त्याला आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत नाक घालून वास घ्यायला लावला, आणि "नुसतो बांगड्याचो वास येता" असा निरोप आल्यावरच हातातल्या अक्षता टाकल्या. तोवर नवरानवरी जेवायला बसली होती. जेवणाच्या पंगतीतही त्यांचं लक्ष स्वतःच्या ताटात नसतं. शेजाऱ्याच्या ताटातल्या माशाकडे ते टक लावून बघतात आणि त्याचा घास तोंडाशी गेला की हळूच म्हणतात, "काटो आसा हां." मी अशी कितीतरी सुरमई निव्वळ भीतीने गिळली आहे.

पण गुरुजींची सगळ्यात मोठी काळजी होती ती भाषेची. घरी ते तुमच्याआमच्यासारखे मालवणी बोलतात. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की मात्र त्यांच्या तोंडून अशी शुद्ध मराठी सुरू व्हायची की पोरांना वाटावं, आपलं काहीतरी चुकलं आहे. एका पावसाळ्यात चौथीच्या वर्गात साप शिरला. गुरुजी दारात उभे राहून म्हणाले, "विद्यार्थ्यांनो, वर्गात सर्पाचे आगमन झालेले आहे. कृपया शांतपणे बाहेर पडावे." पोरं पाहुणे आल्यासारखी हात जोडून उभी राहिली. तेवढ्यात साप बाकाखालून सरकला आणि गुरुजी टेबलावर चढून ओरडले, "पळा रे! जनावर इला जनावर!" वर्ग क्षणात रिकामा झाला. संध्याकाळी आमच्या ओसरीवर चहा पिताना त्यांना सापाचं काहीच वाटत नव्हतं. वर्गात मालवणी बोललो आणि ते कुणी वरच्या साहेबाने ऐकलं असेल, याचाच घोर लागला होता.

मी त्यांची यथेच्छ थट्टा केली तेव्हा त्यांनी एकदाच कारण सांगितलं. गुरुजी होण्यासाठी ते शिकायला बाहेरगावी गेले, तिथे पहिल्याच दिवशी फळ्यावरच्या प्रश्नाला उभे राहून म्हणाले, "माका येता." सगळा वर्ग हसला, शिकवणारेही हसले. "मगे मी दिवाळीपर्यंत तोंड उघडूक नाय रे," ते म्हणाले. "आमच्या पोरांवर ती पाळी येव नको, इतक्याच." मी त्यांना आणखी चहा घेता का विचारलं.

आता मनमायेबद्दल सांगायला हवं. मिठबावला, आमच्या वाडीला लागूनच, माझी हापूसची कलमं आहेत. आंब्याच्या हंगामात बागेची राखण करायला आमच्याकडे सगळीकडे नेपाळी कुटुंबं येतात, दिवाळीच्या सुमारास येतात आणि पाऊस तोंडावर आला की परत जातात. माझ्या बागेत टेकराज आणि त्याची बायको राहतात. मनमाया त्यांची मुलगी. गेल्या हंगामात ते तिला पहिल्यांदाच सोबत घेऊन आले. बागेत ती दिवसभर बडबडायची, कलमांशी, कुत्र्याशी, माकडांना हाकलताना तर वरच्या पट्टीत. आणि शाळेत एक शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. फर्नांडिस बाई रोज कट्ट्याहून स्कूटरवर येणाऱ्या, हसतमुख बाई. घरी कोकणी, शाळेत मराठी, रागावल्या की दोन्ही. त्यांनी गाणी म्हणून पाहिली, गोळ्या देऊन पाहिल्या. मनमाया गोळी घ्यायची, मान हलवायची आणि गप्प बसायची.

गुरुजींची झोप उडाली. "आमच्या शाळेन चेडवाची वाचा नेली," असं म्हणत ते रोज संध्याकाळी बागेत यायचे आणि कुंपणाआड उभे राहून ती बोलते का ते चोरून ऐकायचे. ती बोलतेय हे ऐकून बरं वाटायचं, आणि शाळेत बोलत नाही हे आठवून पुन्हा चेहरा पडायचा. अशातच एके दिवशी टेकराज माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "गुरुजी, बच्ची स्कूल में बोलतीच नाही. बोलल्याशिवाय शिकणार कशी? इस बार जाऊ तेव्हा तिला गावाला दादीकडे ठेवतो. आम्ही दोघंच परत येऊ." त्याची बायको बाजूला गवत काढत होती, तिने मान वर केली नाही. पण हात थांबला होता. गुरुजी तसेच घरी गेले, आणि छत्री आमच्या बागेच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, विसरले. त्यांना छत्री विसरताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

त्याच सुमारास वरून आदेश आला की शाळेत भाषांचा उत्सव साजरा करावा. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवायचं, आणि तालुक्याहून साहेब बघायला येणार. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. गुरुजींना नवा घोर लागला. जी भाषा त्यांनी इतकी वर्षं फाटकाबाहेर ठेवली, तिला आता ओवाळून आत घ्यायचं होतं. पोरं मालवणीत भलतंसलतं बोलली तर? साहेब हसले तर? आणि सगळी बोलून झाल्यावर मनमायेची पाळी आली आणि ती गप्प राहिली, तेही टेकराजच्या डोळ्यांदेखत, तर? "तिका बोलवच्या नाय," असं ते सकाळी ठरवायचे, आणि "नाय बोलवलंय तर तिका काय वाटात?" म्हणून दुपारी मोडायचे. फर्नांडिस बाईंनी शेवटी सुचवलं, "गुरुजी, सुरुवात गाऱ्हाण्याने करूया. म्हणजे मालवणी आपोआपच आली." मला बाईंचं कौतुक वाटलं. आमच्याकडे कुठलंही काम, मग ते लग्न असो, नाटक असो वा पहिला आंबा उतरवणं असो, नारळ ठेवून देवाला मोठ्याने गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावातला कुणी जाणता माणूस एकेक मागणं मागतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला साथ देतात. साथ आली नाही तर मागणं अर्ध्या वाटेवर राहतं, असं आम्ही लहानपणापासून मानत आलो आहोत. माझ्या बागेत हंगामाचं गाऱ्हाणं होतं तेव्हा टेकराजचं कुटुंबही हात जोडून उभं असतं.

उत्सवाच्या दिवशी गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या गावकारांचा घसा बसला. ते आले, पण त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती. साहेब खुर्चीत बसलेले, आईबाप पडवीत दाटीवाटीने उभे, पोरं ओळीने बसलेली. बाईंनी नारळ सरळ गुरुजींच्या पुढ्यात ठेवला. गुरुजींनी हात जोडले, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि सुरू केलं, "हे परमेश्वरा, आमच्या सर्व विद्यार्थ्यांचे तू रक्षण करावेस, अशी आमची नम्र विनंती आहे." याला साथ कुठे द्यायची हे कुणालाच कळेना. एक पोरगं फिसकन हसलं. गुरुजींचा चेहरा असा झाला की मी उठून त्यांच्याजवळ जाणार होतो. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या छातीतून वेगळाच आवाज आला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पडवी गरजली.

मग काय विचारता! आयुष्यभराची काळजी त्या माणसाने देवापुढे ओतली. "ह्या लेकरांच्या वाटेत जनावर-विंचू इलो, तर तेका आल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "शाळेचे कौल माकडांनी फोडले आसत, ते पावसाच्या आदी बदलून मिळांदे रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा, आणि यात साहेबांचाही आवाज होता, हे फर्नांडिस बाईंनी हसत टिपून ठेवलं. "ही लेकरां उद्या भायर जातली, थंय त्येंच्या बोलण्याक कोण हसलो, तर हसणाऱ्याची दातखीळ बसव रे म्हाराजा!" याला तर पोरांनी अशी साथ दिली की पडवीखालचा कुत्रा उठून पळाला. आणि मग गुरुजींचा आवाज एकदम खाली आला. "आणि आमच्या मनमायेक तिच्या आवशी-बापाशीपासून तोडू नको रे. ती बोलली नाय तरी चलात. पण तिका हयच रवांदे रे म्हाराजा!"

कुणी साथ दिली नाही. देणार कशी? गुरुजींच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, बायका पदर तोंडाला लावून टेकराजच्या बायकोकडे बघत होत्या. ते मागणं तसंच लोंबकळत राहिलं. आणि पोरांच्या ओळीतून एक खणखणीत आवाज आला, माकडं हाकलतानाचा, वरच्या पट्टीतला. "व्हय म्हाराजा!"

मनमाया उभी राहिली होती. कुणीच म्हणत नाही म्हटल्यावर कुणीतरी म्हणायला हवं, एवढंच तिला कळलं असावं. सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिच्या ध्यानात आलं, पण आता तोंड उघडलंच होतं. ती नेपाळीत जे सुरू झाली ते थांबेचना. कुणाला अक्षर कळलं नाही, सगळे ऐकत राहिले. टेकराज एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होता. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "घर की बकरी का सांगते. खूप शिंगं मारते म्हणते." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "बकरी लागली बिगली नाय मां तिका?"

त्यानंतर मनमाया शाळेत बोलू लागली, आणि बोलली ती मालवणीच, कारण गुरुजींनीही फाटकात मालवणी सोडायचं सोडून दिलं होतं. पुस्तकातली मराठी तिच्या मागोमाग आली. टेकराजने तिला परत आणायचं कबूल केलं. मे संपता संपता ते निघाले तेव्हा मी त्यांना कसालच्या नाक्यावर पोचवायला गेलो, तर गुरुजी आमच्या आधीच तिथे पोचलेले. खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही, उघड्यावरचं पाणी प्यायचं नाही, अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही, हे सगळं त्यांनी तिला दोनदा ऐकवलं. गाडी आली. मनमाया पायरीवर चढली, वळली आणि म्हणाली, "गुरुजी, मी परत येतलंय. तू खंय जाव नको."

गाडी गेली. गुरुजी हायवेच्या कडेवरून हलेनात. मी म्हटलं, "चला आता. टेकराजनं शब्द दिलाय, आणील तिला. आता तरी काळजी सोडा."

"ता खरा रे," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "पण तिकडे डोंगरात इतके म्हयने तिच्याबरोबर मालवणी बोलतलो कोण?"