सबांगानला राहिलेली नार्दिंग

आमच्या सांता रुफिनाच्या पालिकेत मेयरच्या खुर्चीमागे गावाचा नकाशा टांगलेला आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, मधून नदी आणि सत्तावीस वाड्या. प्रत्येक वाडीला आपला कप्तान, आपला सचिव, आपलं चॅपेल. नदीच्या मुखाशी सबांगान वाडी दाखवली आहे. ती सहा वर्षांपासून पाण्याखाली आहे. नकाशा बदलायला कुणाला वेळ नाही, मेयरचा फोटो मात्र दर निवडणुकीला नवा लागतो.

लिओनार्दा काबाकुंगान ही त्या सबांगानची सचिव. मी जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवतो, माझं टेबल दारालगत, त्यामुळे बावीस वर्षं तिला येताना-जाताना मीच पहिला पाहत आलो. वयानं मोठी म्हणून तिला आम्ही सगळे मनांग नार्दिंग म्हणतो. पूर्वी ती आली की सगळ्या कचेरीला कळायचं. एकदा भर सभेत म्हणाली होती, "मेयरसाहेब, आमचा पूल तुमच्या भाषणात तीनदा बांधून झाला. आता एकदा नदीवरही बांधा की!" मेयर हसला. हसण्यावाचून इलाजच नव्हता.

मग ते वादळ आलं. नदीनं पात्र बदललं आणि सकाळी नवाच्या सुमारास ती सबांगानच्या रस्त्यांवरून वाहायला लागली. कप्तान सगळ्यात आधी पळाला, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि तरी तो पुढच्या वेळी निवडून आला. माणसं बाहेर काढली ती नार्दिंगनं. घरोघरची यादी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती कमरेएवढ्या पाण्यातून हिंडली. सगळी माणसं बंधाऱ्यावर चढली. एकटा तिचा नवरा अंब्रोसिओ बांधलेली म्हैस सोडवायला मागे फिरला. तो परत आला नाही आणि त्याचा देहही मिळाला नाही. माझ्या वहीत त्याची नोंद अजून जिवंत अशीच आहे.

भीतीच्या जागेवरून निघताना आमच्याकडे माणूस स्वतःच्याच नावानं हाक मारतो. "इंतायोन", म्हणजे चल, निघू या, मागे राहू नकोस. देह घाबरून पळतो आणि जीव तिथंच बसून राहतो, म्हणून. त्या दिवशी कुणालाच शुद्ध नव्हती. नार्दिंगनं बंधाऱ्यावर उभं राहून यादी उघडली आणि एकेकाचं नाव वाचलं. पाळण्यातल्या पोरापासून लुळ्या म्हातारीपर्यंत तीनशे एक्केचाळीस नावं. प्रत्येक नावापुढे इंतायोन. अंब्रोसिओचं नाव तिनं तीनदा घेतलं. स्वतःचं घेतलं नाही.

ते नंतर लक्षात आलं. हजेरी घेणारा स्वतःला मोजत नाही, सवयीनं राहून गेलं, असं सगळे हळहळले. मीसुद्धा.

तेव्हापासून नार्दिंग नार्दिंग राहिली नाही. डोंगराच्या उतारावर पालिकेनं पत्र्याची घरं दिली, तिथं सबांगानची माणसं राहतात. मतदार यादीत ही माणसं अजून सबांगानचीच, म्हणून वाडीच्या बैठका व्हायच्या. कप्तान जांभया द्यायचा, ती इतिवृत्त लिहायची आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी मला आणून द्यायची. "मनांग, जेवलीस का?" असं विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की मी तोवर दुसऱ्या कामाला लागलेलो असायचो. भाजीत मीठ आहे की नाही हेही तिला कळत नसे.

कोळी सांगायचे, ओहोटीला चॅपेलच्या पायऱ्या उघड्या पडतात तेव्हा तिथं एक बाई अंगण झाडत असते. मी त्यांना वेड्यात काढायचो. मग एका सोमवारी मी तिच्या हातून कागद घेतले, तिला बाकावर बसवलं आणि अभियंत्याबरोबर मोजणीला नदीच्या मुखाशी गेलो. भर दुपार होती. वाळूवर पाठमोरी एक बाई झाडत होती, डोक्याला नार्दिंगचा निळा रुमाल. अभियंत्याला ती दिसली नाही. परत आलो तर नार्दिंग त्याच बाकावर बसलेली होती. तिच्या चपलांना ओली वाळू लागली होती.

यंदा मेयरनं ठरवलं, सबांगान बंद करायचं आणि शेजारच्या वाडीत मिसळून टाकायचं. शनिवारी मतदान. मी आपो गुंदिनाकडे गेलो. मोडलेली हाडं आणि हरवलेले जीव दोन्ही तिच्याकडेच जातात.

"मतदानाच्या आत बोलावून आण तिला," ती म्हणाली. "जागेचं नाव गेलं की हाक मारायची कुठून? मग ना कुणाला आणता येणार, ना सोडता येणार."

मी धावतच नार्दिंगकडे गेलो. "मनांग, चल माझ्याबरोबर. तिथं उभं राहून स्वतःला एक हाक मार. बस, एवढंच."

धाकट्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "राहू दे, आदिंग."

"राहू दे काय? आरशात बघितलंस का स्वतःला? हाडांवर कपडे वाळत घातल्यासारखी दिसतेस!"

"राहू दे म्हटलं ना."

मला राग आला. हट्टी बाई, तिला काय कळतंय, तिचा जीव तरी कुठं जागेवर आहे, असा विचार केला आणि निघताना दोरीवरचा तिचा निळा रुमाल खिशात घातला. शुक्रवारी दुपारी पेलाग्योच्या तीनचाकीतून नदीच्या मुखाशी गेलो. पायऱ्यांवर मूठभर तांदूळ आणि एक अंडं ठेवलं, रुमाल हलवला आणि ओरडलो, "नार्दिंग, इंतायोन! चल, घरी चल, मागे राहू नकोस!" वारा पडला होता. वाळूवर झाडल्याच्या रेघा होत्या, अगदी ताज्या. मागे न बघता मी तीनचाकीत येऊन बसलो.

चढाला गाडी दम टाकायला लागली. पेलाग्यो कुरकुरला, "लारिओ, वजन वाढलं की काय तुझं? मागे कोण बसवलंयस?"

"पुढे बघून चालव," मी म्हणालो.

नार्दिंग चुलीपाशी होती. वांगी-कारल्याची भाजी शिजत होती. तिनं पळी तोंडाला लावली आणि एकदम म्हणाली, "अगं बाई, किती खारट झालीय ही!" सहा वर्षांत पहिल्यांदा तिला चव कळली होती. मला इतका आनंद झाला की मी लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागलो.

मग तिनं माझ्या हातातला रुमाल पाहिला. ती खालीच बसली.

"तू हाक मारलीस?"

"हो, मनांग! आलीस ना तू?"

"कुणी सांगितलं होतं तुला?" तिचा आवाज जुना होता, सभेतला. "मी विसरले वाटलं का तुला? बावीस वर्षं याद्या लिहितेय मी. कधी एक नाव सुटलंय माझ्याकडून? त्याला तीनदा बोलावलं. आला नाही. मग त्याला एकट्याला कसं टाकू, सांग ना. म्हणून माझं नाव घेतलं नाही. तिथं ठेवलं होतं मी मला. त्याच्यापाशी."

तिनं चप्पल घातली, उताराकडे दोन पावलं गेली आणि थांबली. ज्याला हाक लागली, तो जीव आपल्या मनानं परत जाऊ शकत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

शनिवारी मतदान झालं. विरोधात एकच मत पडलं. कुणाचं, ते मोजणाऱ्यांना कळलं नाही, मला कळलं. नकाशावर मेयरनं सबांगानवर पांढरा कागद चिकटवला.

आता नार्दिंग दोन वेळा जेवते, अंगानंही भरलीय. गाव माझी पाठ थोपटतं. इतिवृत्त उरलं नाही तरी पहिल्या सोमवारी ती येते आणि बाकावर बसते. कोळ्यांना झाडणारी बाई आता दिसत नाही. पायऱ्यांवर एक पुरुष उभा असतो म्हणतात, हातात म्हशीचं दावं, तोंड रस्त्याकडे.

ते तिच्या कानावर गेलंच. परवा सोमवारी तिनं मला विचारलं, "आदिंग, तो हाक मारतो का रे? काय म्हणतो, ते ऐकलं का कुणी?"

मी नाही म्हणालो. कोळ्यांनी ऐकलं आहे. तो "नार्दिंग, नार्दिंग" म्हणत असतो.