पानात ठेवलेला देठ

रविवारची दुपार आहे. जॉर्जियात, तिबिलिसीच्या वसतिगृहात शर्वाणी खानविलकर पोटावर पुस्तक उघडं ठेवून कॉटवर पडलीय आणि झोपायचं नाही असं स्वतःला बजावतेय. उद्या शरीररचनेचा शेवटचा पेपर. पण सकाळभर शहर पालथं घालून आलेले पाय तिचं ऐकत नाहीत. खिडकीच्या कठड्यावर हॉटेलातल्या जेवणातून उरलेल्या खिन्कालींचा पुठ्ठ्याचा डबा ठेवलाय. खिन्काली म्हणजे इथला तिखटामिठाचा मोदकच म्हणा ना. मैद्याची पारी, आत बटाटा, वर कळ्या आणि कळ्या मिटवून केलेला जाडसर देठ. देठाला धरून खायचं आणि देठ पानात ठेवून द्यायचा, अशी रीत.

हे सगळं तिने जेवता जेवताच बोलून बेबीआत्याच्या फोनवर पाठवलंय. बेबीआत्या ही बाबांची धाकटी बहीण, साठी उलटली तरी बेबीच. लग्न केलं नाही, चिपळूणला भावाच्या घरीच राहिली. आई दवाखान्यात नर्सच्या पाळ्या करायची तेव्हा शर्वाणीला वाढवलं ते हिने. निघताना तिने एकच कबूल करून घेतलं होतं: खाशील ते सांगायचं, बघशील ते सांगायचं. मी कोल्हापूरच्या पुढे गेले नाही, आता तुझ्या तोंडून फिरेन. दर रविवारी शर्वाणी सांगते आणि आत्या त्याहून लांबलचक उत्तर पाठवते.

गेले काही रविवार उत्तर नाही. आई म्हणते, आत्याचा घसा बसलाय. बाबा म्हणतात, तिचा फोन पाण्यात पडला. दोघांनी आधी आपसात ठरवून तरी घ्यायचं. शिवाय बाबा ऐन मे महिन्यात, चिपळूणच्या उकाड्यात, कानटोपी घालून व्हिडिओवर बसतात. सर्दी झालीय म्हणे. शर्वाणीला हे खटकतं, पण विचारायचा धीर होत नाही. विचारलं तर खरं उत्तर मिळेल, याचीच तिला भीती वाटते.

डोळे मिटतात. कुठून तरी वाफेवरच्या हळदीच्या पानांचा वास येतो.

गंधकाच्या गरम पाण्याच्या हमामांच्या विटकरी घुमटांमधून ती चालतेय. घुमटांतून वाफ निघतेय, ती मात्र हळदीच्या पानांच्या वासाची. एका घुमटापाशी बेबीआत्या पदर खोचून उभी आहे आणि घुमटावर हात ठेवून बघतेय.

"अजून पाच मिनटं लागतील," आत्या म्हणते. "झाकण उघडू नको."

"आत्या, तू कधी आलीस? पासपोर्ट कुणी काढला तुझा?"

"मला नाय लागला. चल, दाखव तुझं गाव. फोनवर नुसता जीव जाळतेस माझा."

शर्वाणीला इतका आनंद होतो की तिला रडू येतं. ती आत्याचा हात धरते. हात ओला आणि गार आहे, नुकत्याच न्हालेल्या माणसाचा असतो तसा. गल्लीतल्या दुकानांबाहेर अक्रोडांच्या माळा द्राक्षाच्या रसात बुडवून, वाळवून टांगल्यात. आत्या थबकते.

"ह्या मेणबत्त्या खातात?"

"खातात. मागच्या रविवारी सांगितलं होतं की तुला."

"ऐकलंय ना. सगळं ऐकलंय."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

समोर ताट येतं. त्या दोघी बसल्यात ते दुपारचंच हॉटेल, पण टेबलाच्या कडेला घरच्या स्वयंपाकघरातला फडताळाचा कोपरा आहे आणि त्यात आईचा डबा, आत्याची तपकिरीची डबी. ताटात खिन्काली. आत्या एक उचलून उजेडात धरते. गणपतीत अर्ध्या आळीचे मोदक वळणारी बाई ती, दुसऱ्याच्या हातचं सुखासुखी थोडंच खाणार आहे.

"कळ्या बऱ्या आहेत," ती म्हणते. "पण देठ केवढा ठेवलान. कच्चा राहिला असेल."

"तो खायचा नसतो. पानात ठेवायचा."

"पानात टाकायचं? कोणी शिकवलं तुला?"

"टाकायचं नाही गं. ठेवायचं. इथली रीत आहे. खा ना तू."

आत्या खिन्काली तोंडापाशी नेते आणि परत ताटात ठेवते. तिचे ओठ सुकलेत. शर्वाणीच्या आत्ता लक्षात येतं की आत्या खूप वाळलीय.

"भूक नाही तुला?"

"भूक? जीव कासावीस झालाय गो. पण तुला कळवल्याशिवाय घास उतरत नाय."

"काय कळवायचं?"

"खाली बघ."

पायाखाली आता जमीन नाही. त्या केबल कारमध्ये आहेत, किल्ल्याकडे चढणाऱ्या. काचेच्या तळातून नदी दिसते. शर्वाणीला या नदीवरचे पूल पाठ आहेत, पण खाली एकही पूल नाही. खाली चिपळूणच्या वाशिष्ठीचा घाट आहे. घाटावर केळीच्या पानात भाताचे पिंड मांडलेत आणि त्यांच्यासमोर एक माणूस हात जोडून उभा आहे. उघडा, डोक्याचा गोटा केलेला. तो झाडाकडे बघून हाका मारतोय. झाडावर कावळे आहेत आणि एकही खाली येत नाही.

"बाबांचे केस कुठे गेले?" शर्वाणी विचारते. उत्तर तिला विचारतानाच माहीत आहे.

"माझ्यासाठी उतरवलेन," आत्या म्हणते. "दुसरं कोण होतं मला?"

"नाही. नाही आत्या. तू इथे बसलीयस."

"शरू. घास माझा अडलाय. ऐक, रागावू नको त्यांच्यावर. तुझा पेपर होता."

केबल कारचं दार उघडं आहे आणि आत्याची जागा रिकामी. शर्वाणी हात पुढे करते. तिच्या हाताला लागतो तो कॉटचा गज.

बाहेर अजून ऊन आहे. पुस्तक खाली पडलंय. ती घरी व्हिडिओ कॉल लावते. पलीकडे बाबा दिसतात, टोपीसकट, आणि मागे आई.

"अभ्यास झाला का बाळा?"

"बाबा, टोपी काढा."

"अगं सर्दी..."

"काढा टोपी."

बाबा आईकडे बघतात. मग टोपी काढतात. डोक्यावर नुसती कोवळी खुंटं आहेत. शर्वाणी तोंडावर हात दाबून बसते.

"झोपेतच गेली गं," आई रडायला लागते. "त्रास नाही झाला. उद्या पेपर संपला की सांगणारच होतो. तुला कोणी सांगितलं?"

"कावळा शिवला नाही ना?" शर्वाणी विचारते.

बाबांचा चेहरा उतरतो.

"तुला कसं..." ते म्हणतात. "दहाव्याला दुपारपर्यंत उभा होतो मी. शरूचं शिक्षण पुरं करीन म्हटलं, लग्न करून देईन म्हटलं. काय काय कबूल केलं. एक शिवेल तर शपथ. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. ते मनाला लागून राहिलंय माझ्या. उपाशी गेली बाळा ती."

शर्वाणीला आत्याचे सुकलेले ओठ आठवतात. ती फोन हातात धरून तशीच उठते. मोकळा वारा हवा म्हणून खिडकीपाशी जाते.

कठड्यावरचा डबा उघडा आहे. झाकण तिने स्वतः दाबून लावलं होतं, हे तिला पक्कं आठवतंय. समोरच्या तारेवर इथला कावळा बसलाय, करड्या अंगाचा, काळ्या डोक्याचा, आणि तो चोच तारेवर घासून साफ करतोय. डब्यात पारीचा तुकडासुद्धा उरलेला नाही. बटाट्याचा कण नाही.

फक्त देठ आहेत. एकालाही चोच लागलेली नाही. सगळे डब्याच्या एका कडेला नीट लावून ठेवलेत.

"शरू? आहेस ना?" फोनमधून बाबा विचारतात.

ती एक देठ उचलते. तो अजून ओलसर आहे.

"बाबा," ती म्हणते, "आत्या जेवली."