पेजेतली सुरमई

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या आम्हा चार-पाच बायकांचा एक कट्टा आहे. रत्नागिरीत कुणाच्या घरी तोंडाचा कॅन्सर निघाला की त्या घरातल्या बाईला कुणीतरी तिथे माझ्याकडे पाठवून देतं. तिला पथ्यपाणी विचारायचं असतं. मुगाचं पाणी कसं गाळायचं, रेडिएशनने तोंड सोलवटलं की काय करायचं, एवढंच. मी सांगायला लागते आणि मध्येच म्हणते, "अगं, आमच्या ह्यांचं काय झालं माहितीय?" झालं. सूर्य बुडतो, वाळू गार पडते, आणि ती बिचारी पथ्य विसरून किस्से घेऊन घरी जाते. आजार आला तसा गेला. हे किस्से मात्र आमच्याकडे राहायलाच आलेत.

* * *

आमच्या ह्यांचं, म्हणजे प्रकाशचं, बाजारपेठेत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. शटर वर करण्याआधी तंबाखू मळायची, हा वर्षानुवर्षांचा नेम. जिभेच्या कडेला एक जखम झाली, ती भरेना. दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच मुंबईला दाखवायची चिठ्ठी लिहून दिली.

तिथून घरी येताना ह्यांनी भाट्याच्या पुलावर स्कूटर थांबवली. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी खाडीत टाकली आणि कठड्याला टेकून बघत राहिले. ओहोटी होती, पाणी समुद्राकडे चाललं होतं. किती वेळ उभे होते ते त्यांनाही सांगता येत नाही. ओळखीचे एक मास्तर तिथून जात होते. त्यांना भलतीच शंका आली. मागून येऊन त्यांनी ह्यांची कॉलर गच्च धरली.

हे म्हणाले, "सोडा मास्तर. मी नाही चाललो. जिला जायचं होतं ती गेली."

मला ही गोष्ट आधी मास्तरांकडून कळली. आजाराचं नंतर.

* * *

मुंबईला ऑपरेशन झालं. अर्धी जीभ काढली आणि छातीवरचं कातडं घेऊन तिथे नवीन बसवलं. शुद्धीवर आल्यावर ह्यांच्या हातात पाटी दिली होती. डॉक्टर राउंडला आले, सगळं नीट समजावून सांगितलं, आणि काही विचारायचंय का म्हणाले. मी पदराला पीळ देत उभी. मला वाटलं, हे विचारतील, बोलता येईल का, जगेन ना.

ह्यांनी सावकाश लिहिलं, "छातीचं कातडं जिभेवर. म्हणजे आता मनातलं थेट तोंडात येणार?"

डॉक्टर हसले. मग पाटी माझ्याकडे वळवून म्हणाले, "वहिनी, सांभाळा."

* * *

घरी आलो तेव्हा नाकात नळी होती. सगळं पोटात जायचं ते तिथून. मी पेज करायची, मऊ, गाळून गाळून पाण्यासारखी. हे पाटीवर लिहायचे, "आज काय?" मी म्हणायची, "पेज." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज काय?" पुन्हा पेज. भिंतीवरून ऊन उतरत जावं तसं ह्यांच्या तोंडावरून काहीतरी उतरत जायचं.

एका दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं, "आज सुरमईचं कालवण." आणि मग मी थांबलेच नाही. खोबरं कसं वाटलं, मिरची किती घेतली, आमसुलं कधी टाकली, उकळी आल्यावर वास कसा पुढच्या पडवीपर्यंत गेला. एका हाताने नळीतून पेज सोडत होते आणि तोंडाने कालवण वाढत होते. ह्यांनी डोळे मिटले. गळ्याचा मणी हळूच वरखाली झाला. खिडकीबाहेर माडांच्या झावळ्या हलत होत्या, आणि मला स्वतःला खरोखर सुरमईचा वास आला.

मग रोजच तसं सुरू झालं. सोमवारी बिरड्याची उसळ, बुधवारी बांगडा, तिरफळं घालून. हळूहळू मीही रंगायला लागले. एकदा बोंबलाचं कालवण अगदी मन लावून सांगितलं. पेज संपली, नळीत पाणी सोडून झालं. ह्यांनी डोळे उघडले, पाटी ओढली आणि लिहिलं, "मीठ कमी."

* * *

माझं नाव शैलजा. बोलायचा सराव सुरू झाला तेव्हा हे पहिल्यांदा तेच म्हणायला गेले, आणि ते काही केल्या होईना. श होईना, ल होईना, ज तर नाहीच. घाम फुटला. मी म्हटलं, राहू द्या, टाळी वाजवा, मी येईन.

दोन दिवस टाळी वाजली. तिसऱ्या दिवशी मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते आणि घरातून हाक आली, "बाय."

जवळपास ओठांनीच म्हणता येणारं नाव त्यांनी शोधून काढलं होतं. मला बाय म्हणायचे ते माझे वडील. ते गेल्यापासून ही हाक कुणी मारली नव्हती. मी हातात ओला पंचा घेऊन तशीच उभी राहिले. आत जायचं सुचेना. मला वाटत होतं, आणखी एकदा ऐकू यावी.

पुन्हा हाक आली. थोडी चिडून.

आता ते शैलजा बऱ्यापैकी म्हणतात. पण कुणी पाहुणे असले तरच.

* * *

पुन्हा दुकानात बसायला लागले तेव्हा मी धास्तावले होते. कारण आमचे हे घासाघीस करण्यात पटाईत. एका पंख्यासाठी गिऱ्हाइकाशी अर्धा तास बोलायचे, चहा पाजायचे. आता बोलणं जड, रेडिएशनने तोंड सारखं कोरडं, पाण्याची बाटली हातात. म्हणून त्यांनी एकच भाव सांगायचा आणि गप्प बसायचं ठरवलं.

गिऱ्हाईक म्हणायचं, जरा कमी करा. हे नुसते बघायचे. गिऱ्हाईक आणखी काही बोलायचं. हे घोटभर पाणी प्यायचे. शेवटी गिऱ्हाईकच चुळबुळत पैसे काढायचं. बाजारात बोलबाला झाला, प्रकाशशेठकडचा माल अस्सल, एक रुपया सोडत नाहीत.

मी हे सांगून हसले तेव्हा हे म्हणाले, "आधीच गप्प बसायला हवं होतं."

* * *

एक किस्सा मी कट्ट्यावर फारसा सांगत नाही.

ह्यांना मऊ भात, वरण एवढंच जमायला लागलं, तेव्हापासून मी घरात मासे आणणं बंद केलं. कुणी डबा दिलाच तर स्वयंपाकघरात उभ्याने, भांडं हातात धरून, घाईघाईने खायची. एका रविवारी हे एकटेच बाजारातून सौंदाळे मासे घेऊन आले. मला म्हणाले, तळ. मी म्हटलं, तुम्हाला चावता येणार नाहीत. ते म्हणाले, तुला येतात ना.

मी तळले. त्यांनी माझं ताट टेबलावर मांडलं आणि समोर खुर्ची घेऊन बसले. मी पहिला घास मोडला. डोळ्यांतलं पाणी ताटात पडायला लागलं.

हे म्हणाले, "सावकाश खा. मला बघायचंय."

मी खाल्ले. सगळे.

* * *

पाच वर्षं झाली तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं, कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, आता माझ्याकडे यायचं नाही. वर्षातून एकदा रत्नागिरीतच दाखवा. आम्ही नमस्कार केला आणि बाहेर आलो. स्टेशनवर जाऊन परतीची गाडी पकडली.

वाटेत खेड आलं. इतकी वर्षं येता-जाता खेडला मी फक्त ह्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायची, नाहीतर गोळीची वेळ बघायची. गाडी थांबली, तशी ह्यांनी सीटखालची बॅग ओढली आणि म्हणाले, "उतरू या."

मी विचारलंही नाही. उतरले. गाडी निघून गेली.

रिक्षाने जगबुडी नदीच्या काठाला आलो. म्हशी पाण्यात बसल्या होत्या. पलीकडे कुणीतरी कपडे धूत होतं आणि प्रत्येक आपटीचा आवाज आमच्यापर्यंत जरा उशिरा पोचत होता. टपरीवरचा चहा ह्यांनी निववून, मान जराशी कलती करून, घोट घोट घेतला. मग बॅग उशाला घेतली आणि झाडाखाली आडवे झाले. लगेच झोप लागली. ऊन पानांतून त्यांच्या तोंडावर यायचं, जायचं. मी उठवलं नाही. मी नदीकडे बघत बसले, आणि मला काहीही करायचं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. शेजारच्या वहिनी किल्ली घेऊन फाटकातच उभ्या होत्या. खेडला उतरलोय एवढंच मी त्यांना फोनवर सांगितलं होतं.

"खेडला कोण असतं तुमचं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही," हे म्हणाले, आणि किल्ली घेऊन दार उघडायला गेले.