धुतलेली गोधडी

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्यांच्यापासून तर माझं भाजीतलं जास्तीचं मीठसुद्धा लपत नाही.

परतूरला आमच्या गल्लीत मी धुण्यासाठी बदनाम आहे. पडदे, पायपुसणी, पाहुणा टेकून गेला ती उशी — काही म्हणता काही सुटत नाही माझ्या हातून. हसा खुशाल. पण या सवयीच्या आड मी एक गोष्ट लपवली, आणि कुणाला संशयही आला नाही.

मुलगा नोकरीला बाहेर गेला, घर खायला उठलं, तेव्हा जालन्याच्या एका संस्थेतून मनू आमच्याकडे आली. दत्तक जाईपर्यंत सांभाळायची, एवढंच ठरलेलं. नुकती चालायला लागली होती. तिला आई म्हणायला शिकवू नका, असं संस्थेच्या ताईंनी बजावलं होतं. मी नाही शिकवलं, ती आपणच म्हणायला लागली. मग मी काय करायचं होतं? — खरं सांगू? मी थांबवलंही नाही.

माझ्या जुन्या साड्यांची एक गोधडी शिवली होती तिला. तिचा कोपरा नाकाशी धरायची, हुंगायची, की डोळे मिटले. फोडणी, खोबरेल तेल, सांडलेलं दूध, माझा घाम — काय काय वास असेल त्याला! एकदा मी ती धुतली तर पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून तेवढी एक गोधडी मी पाण्यात घालत नव्हते.

मग तिला आईबाप मिळाले. भोकरदनकडची चांगली माणसं. मनूला भेटायला यायची तेव्हा ती बाई हात पुढे करण्याआधी माझ्याकडे बघायची, परवानगी मागितल्यासारखी. मला तिचा राग यायचा. इतक्या चांगल्या बाईचा राग येतो, याचाही राग यायचा.

मनू जाणार त्या आठवड्यात ताई येऊन सांगून गेल्या, "गोधडी संगं द्या काकू, पण बिलकुल धुवू नका. घरचा वास राहू द्या तिला. नव्या घरी लेकराला तेवढाच आधार."

मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाण्यात साबण घालून ती भिजवली.

का? विसरले असेन — असं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. मला पक्कं आठवत होतं. तिला तिथे झोप येऊ नये, तिनं मला शोधावं, कुणीतरी म्हणावं की ही काकूंशिवाय राहतच नाही — हे हवं होतं मला. हात दुखेपर्यंत घासली. गच्चीवर कडक उन्हात वाळवली. हे म्हणाले, "बरं केलं. लोकांच्या घरी मळकी कशाला द्यायची?" मी गोधडीची घडी घातली.

काही दिवसांनी ताईंच्या फोनवरून ती बाई बोलली. आवाज पार थकलेला. मनू गोधडी हुंगते, फेकून देते आणि दारापाशी जाऊन बसते म्हणे. "काकू, तुम्ही धुतल्ती का ती?"

तेव्हा सांगता आलं असतं. अंगावरची साडी सोडून पाठवून देता आली असती. लेकरू झोपलं असतं. एवढंच तर करायचं होतं — नाही का?

"न्हाई हो," मी म्हणाले. "होती तशीच दिली."

ती म्हणाली, "मंग माझंच काहीतरी चुकून राह्यलं असंल."

"होईल सवय," असं म्हणून मी फोन ठेवला.

आता मनू शाळेत जाते, आईला सोडत नाही, असं ताई सांगतात. मी तिला आठवतही नसेन. पण ते रडण्याचे दिवस आपल्यामुळे आले, असंच ती बाई अजून समजत असेल. मी तिला तसं समजू दिलं.

आणखी एक राहिलं. सामान बांधताना मनूचं एक झबलं मी मागे ठेवून घेतलं होतं. ते मात्र धुतलं नाही. पिशवीला घट्ट गाठ मारून कपाटात ठेवलंय — वास जाऊ नये म्हणून.