डोहाळजेवण आणि वजनाचा काटा

फुलांची वाडी ल्यायलेली माझी सून डोहाळजेवणाच्या पाटावरून एका अंगाला कलंडली आणि तिचे हातपाय झटके द्यायला लागले. ओटीतला नारळ गडगडत सोफ्याखाली गेला. हॉलभर बायका होत्या. एकीने कांदा फोडला, एकीने नाकाला लावायला चप्पल आणली, तीही नेमकी माझी नवीन. एक म्हणाली, "नजर लागली." दुसरी म्हणाली, "उपाशी ठेवली असेल पोरीला," आणि माझ्याकडे बघितलं. विहीणबाईंनी गळा काढला. तेवढ्यात सुनेचा मोबाईल टुणकन वाजला. दुपारचं जेवण नोंदवायचं राहिलंय, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या मोबाईलला मी सुनेची दुसरी सासू म्हणायचे. पहिली मी, पण माझं कोण ऐकतंय!

दिवस राहिल्यापासून तो तिच्या घासाघासावर डोळा ठेवून होता. सकाळी उठली की आधी वजनकाट्यावर उभी. केसांतला चापसुद्धा काढून ठेवायची. मग ओट्यावर छोटा काटा. त्यावर भाकरी तोलायची, भात तोलायचा. एकदा तिने सोलकढी तोलली. मोबाईलला सोलकढी ठाऊकच नव्हती. मग नवराबायकोने बसून नारळ वेगळा घातला, कोकम वेगळं घातलं. तोवर माझं जेवण होऊन भांडीही घासून झाली. मोबाईलला ओले बोंबीलही ठाऊक नव्हते. असल्याच्या हाती आमच्या घराण्याचा वंश दिला होता.

"आई, आता सगळ्याच करतात हे," मुलगा म्हणायचा. "तुझा जुना जमाना."

"त्या जुन्या जमान्यातच तू झालास रे. रेशनच्या तांदळावर. कोणी तोलला नव्हता."

विहीणबाई घाटकोपरहून आमच्याकडे मुलुंडला यायच्या त्या डबा घेऊनच. डब्यात शिरा, आणि शिऱ्यावर तूप तरंगतंय. "दोन जिवांची आहे, खाऊ दे," म्हणायच्या. लेक दोन चमचे खायची आणि तोंड पुसायच्या आधी मोबाईलमध्ये घालायची. मला विचाराल तर मोबाईल आणि विहीण, दोघांनाही अक्कल बेताचीच.

सातव्या महिन्यात वजन एकाएकी चढलं. मोबाईलवर लाल रेघ आली. मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाई "वजन जरा सांभाळा" एवढंच म्हणाल्या होत्या, ते सुनेने मनाला लावून घेतलं होतं. तिने खापर शिऱ्यावर फोडलं. रात्रीचं जेवण बंद, नुसती पेज. तरी काटा वरच. विहीण म्हणे कमी खाते, मोबाईल म्हणे जास्त खाते, मी म्हणे दोघंही गप्प बसा. तपासणीची तारीख आली तेव्हा सून म्हणाली, "मॅडम गावाला गेल्यात, पुढच्या आठवड्यात बोलावलंय." आम्ही बरं म्हटलं.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी कासारीण हिरवा चुडा भरायला आली. सुनेच्या मापाच्या बांगड्या चढेनात. कासारणीने साबण लावला, हात दाबला, शेवटी मोठं माप काढलं. "हात भरलेत गं. मुलगीच होणार," ती म्हणाली. विहीणबाई लगेच भांडायला उठल्या, मुलगाच होणार म्हणून.

"आई, डोकं फार ठणकतंय," सून मला म्हणाली.

"पोटात काही नसल्यावर ठणकणारच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसली. औक्षण झालं, ओटी भरली, गाणी झाली. झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या, पेढा उचलते की बर्फी ते बघायला. ती म्हणाली, "डोळ्यांसमोर चमकतंय." आम्ही फोटोवाल्याला बाजूला व्हायला सांगितलं. आणि ती कलंडली.

झटके थांबल्यावर मुलाने आणि वॉचमनने तिला खुर्चीत घालून लिफ्टने खाली नेलं. हॉस्पिटलात नर्सने प्रेशर मोजलं आणि धावत सुटली. डॉक्टरीणबाई आल्या. त्या गावाला वगैरे कुठे गेलेल्या नव्हत्या.

"मागच्या आठवड्यात का नाही आणलंत हिला?"

मुलाने माझ्याकडे बघितलं, मी विहिणीकडे. सुई दिल्यावर सून थोडी शुद्धीवर आली होती. तीच जड जिभेने बोलली, "वजन जरा उतरलं की येणार होते, मॅडम."

पोरं अभ्यास करून परीक्षेला बसतात, तशी ही वजन उतरवून तपासणीला जाणार होती. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. हे वजन खाण्याचं नव्हतंच, म्हणाल्या. प्रेशर चढलं होतं, अंगात पाणी साठलं होतं. तेव्हाच आली असती तर प्रेशर कळलं असतं. आता मूल लगेच बाहेर काढायचं. "दोघांच्याही जिवाला धोका आहे. मी खात्री देत नाही."

ऑपरेशनला न्यायच्या आधी नर्स म्हणाली, बांगड्या काढा. सुजलेल्या हातांतून निघताहेत कुठल्या! तिने कापड गुंडाळून फोडायला घेतल्या, तशा विहीणबाई दारात आडव्या झाल्या.

"ओटी भरलेल्या बाईचा चुडा फोडतात का? तेल लावा, साबण लावा!"

"फोडा," मी नर्सला म्हटलं.

"अहो विहीणबाई, तुमचा मुलगा धडधडीत समोर उभा आहे! त्याच्या जिवावर यायचं!"

"उभा आहे ना? मग त्याला सांगा, तिकडे जाऊन सही कर."

तो गेला आणि सही करून आला. नर्सने बांगड्या फोडल्या. विहीणबाई खाली बसून काचा वेचायला लागल्या. मी त्यांना उठवलं नाही, कारण मलाही वाकवत नव्हतं. मग आम्ही दोघी तिथल्या एकाच बाकड्यावर बसलो.

मुलगी झाली. एवढीशी, लाल, माझ्या तळव्यात मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सुनेचं प्रेशर दोन दिवस उतरत नव्हतं. मग उतरलं.

सून वाचली. नात वाचली.